दर्यावरचा बेत

शिवकालीन आरमाराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. गुराबा किती होत्या, गलबते किती होती, सुभेदार कोण होते, कोणता जलदुर्ग कोणत्या साली बांधला, याची माहिती शाळेच्या पुस्तकापासून जाडजूड ग्रंथांपर्यंत सगळीकडे सापडते. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लहान होड्यांत माणसे भरून, कधी शिडाने तर कधी वल्ह्यांनी वाट कापत, रात्रीच्या अंधारात एखाद्या ठाण्यावर जाऊन पडायचे, तर त्याचा बेत आधी कसा करीत असत? होड्या किती घ्यायच्या, निघायचे केव्हा, परतायचे कोणत्या वाऱ्याने, आणि ठरल्या वेळी दुसरी टोळी आलीच नाही तर काय करायचे? आम्हांला या प्रश्नाची ओढ लागली याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण जरा गमतीचे आहे. युरोपात गेल्या काही दशकांत एक नवा छंद रुजला आहे. पंधरा-वीस फुटांच्या उघड्या होड्या घेऊन हौशी माणसे एकत्र जमतात आणि चार-आठ दिवस ताफ्याने प्रवास करतात. वारा असला तर शीड, नसला तर वल्ही, इंजिनाला मज्जाव. स्कॉटलंडमध्ये कॅलेडोनियन कालवा आणि त्याला जोडलेल्या लांबट सरोवरांतून अशा मोहिमा निघतात, तशाच फिनलंडच्या बेटांमधूनही निघाल्या आहेत. या मोहिमांना तिकडे 'रेड' म्हणतात. रेड म्हणजे छापा, हल्ला. अर्थात यात कोणी कोणावर हल्ला करीत नाही. पण भाग घ्यायचे ठरवणारा माणूस घरी बसून ज्या विवंचना करतो त्या ऐकल्या की आम्हां कोकणवाल्यांना ओळखीचे काही ऐकल्यासारखे वाटते. भरती कधी लागेल, उथळ कुठे आहे, वल्हवणाऱ्याला विसावा कधी द्यायचा, पाणी किती बरोबर घ्यायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजपुरीच्या खाडीत आणि थळच्या किनाऱ्यावर हेच हिशेब झाले होते, फक्त चुकले तर माणसे मरत होती.

दुसरे कारण आमच्या घरातले आहे. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, दर्यासारंग होता, हे आता सर्वांना ठाऊक आहे. आमच्या सभा-संमेलनांत ही नावे हमखास वाचली जातात. एखादा दाखला खिशातून काढून पुढे करावा तशी वाचली जातात आणि परत खिशात जातात. दुसरीकडे ही माणसे नव्हतीच असे म्हणणारेही निघाले आहेत. एकाला नाव हवे आहे, दुसऱ्याला ते खोडायचे आहे. दौलतखानाने नेमके काय काम केले, कोणत्या वाऱ्यात केले, कुठे जिंकला आणि कुठे हरला, हे ऐकायला दोघांनाही वेळ नाही. आम्हांला त्या कामात रस आहे.

आधी होड्यांबद्दल. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळती नाळ काढलेले लढाऊ जहाज. शब्द अरबी, अर्थ कावळा. गलबत त्याहून लहान. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या काळच्या गलबतांचे वर्णन करून ठेवले आहे. मोठ्यात मोठे गलबत सत्तर टनांच्या आतबाहेरचे, दोन डोलकाठ्या, मोठ्या काठीवर तिकोनी शीड, वर चिरलेल्या बांबूंची हलकी तक्तपोशी, आणि चाळीस ते पन्नास वल्ही. वल्हवून ताशी चार मैल जाणारे. ही चार मैलांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे. वारा पडला की गलबतेच गुराबांना दोरखंडाने ओढून नेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे त्यातही हाच विचार दिसतो. जहाजे फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत, आणि वाऱ्यावाचून जे निरुपयोगी ठरते असे मोठे जहाज बांधण्यात अर्थ नाही. ज्यांना समुद्राची सवय नव्हती असे आपण ज्यांना म्हणतो, त्यांच्या दरबारातले हे शहाणपण आहे. ते त्यांना कोणी शिकवले असेल? कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी, खारव्यांनी आणि आमच्या नाखव्यांनी. सारंग, खलाशी, मालिम, नाखुदा, बंदर, तुफान हे शब्द मराठीत ज्या वाटेने आले त्याच वाटेने हे ज्ञानही आले.

आता पाण्याबद्दल. कोकणात आजही म्हाताऱ्या माणसाला भरतीची वेळ विचारली तर तो पंचांगातली तिथी विचारतो आणि तिची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेले. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची भरती, पाणी दहा-बारा फूट चढते. अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची, तिला जोर नसतो. ज्याला हल्ला करायचा आहे त्याने एवढे गणित केले की निम्मे काम झाले. तटाच्या पायथ्याशी होडी नेऊन शिडी लावायची तर पाणी भरलेले हवे. ओहोटीला तिथे निसरडा, कालवांनी भरलेला खडक उघडा पडतो, होडी बाहेर राहते आणि माणसे मधल्या खडकावर घसरत राहतात.

उरलेले निम्मे काम वाऱ्याचे. पावसाळा सरला की दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा, आणि रात्री उशिरा जमिनीवरून समुद्राकडे मतलई. मतलई पहाटे जोर धरते, सूर्य वर आला की पडते. म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रातल्या ठाण्यावर जायचे तर पहाटे निघावे आणि दुपारच्या खाऱ्याने परतावे. समुद्राकडून किनाऱ्यावर यायचे तर रात्री शिडाचा काही उपयोग नाही, वल्हीच मारावी लागतात. वल्ह्याचा आवाज पाण्यावरून फार दूर जातो. म्हणून वल्हे जिथे घासते तिथे चिंध्या गुंडाळायच्या, ही जगभरच्या खलाशांची जुनी रीत आहे.

ही तयारी मनात ठेवून राजपुरीच्या खाडीकडे यावे. मुरूडच्या दक्षिणेला खाडीच्या तोंडावर जंजिरा आहे, समोर जमिनीवर दंडा आणि राजपुरी. हा जंजिरा सिद्दींकडे आला तोच मुळी एका छाप्यातून, असे परंपरा सांगते. बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता, रामपाटील त्यांचा नायक. निजामशाहीच्या वतीने पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, जहाजात दारूची पिंपे आहेत अशी थाप मारली, पाहुणचार झाला, कोळी झिंगले आणि पिंपांतून माणसे बाहेर पडली. अशी गोष्ट जगात अनेक किल्ल्यांची सांगतात, त्यामुळे तिच्यावर किती भार टाकायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्यांच्या हातून बेट असे गेले त्या कोळ्यांच्या मनात ते राहिले असणार, हे उघड आहे.

१६७० मध्ये जंजिऱ्याचा अधिकारी फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करून बेट देण्याच्या विचाराला आला. तीन हबशी सरदारांनी, सिद्दी संबळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत यांनी, त्याला कैद केले आणि मोगलांची चाकरी पत्करली. दंडा-राजपुरी मात्र मराठ्यांकडेच होती. समोरच्या किनाऱ्यावर शत्रूच्या तोफा, आणि बेटावर धान्य आणायचे त्याच किनाऱ्यावरून. ही अडचण सिद्दी कासमने १६७१ च्या होळीच्या रात्री सोडवली. हाच पुढे याकूतखान म्हणून प्रसिद्धीस आला.

ही हकीकत खाफीखानाने लिहून ठेवली आहे. तो मोगलांचा इतिहासकार, शिवाजी महाराजांविषयी त्याची लेखणी कडवट चालते, आणि मराठी शिबंदी दारूच्या नशेत होती हे तो ज्या चवीने सांगतो ती चव बाजूला काढूनच वाचावे लागते. पण तो कोकणात, मुंबईतही, येऊन गेलेला होता आणि बेताचे तपशील त्याने नीट दिले आहेत. खैरियत चार-पाचशे माणसे आणि शिड्या-दोर घेऊन जमिनीच्या बाजूला उतरला. कासम तीस-चाळीस होड्या घेऊन तटाच्या समुद्राकडच्या अंगाला आला. खूण ठरलेली होती. खूण होताच खैरियतने जमिनीकडून मोठा गलबला करून हल्ला चढवला. किल्ल्यातली माणसे तिकडे धावली. मग कासमने होड्यांतून शिड्या लावल्या. चढणाऱ्यांपैकी काही समुद्रात पडून बुडाले, काही तलवारीखाली गेले, बाकीचे आत शिरले. तेवढ्यात दारूच्या कोठाराला आग लागून स्फोट झाला. त्यात किल्ल्यातली पुष्कळ माणसे उडाली आणि कासमची दहा-बारा. धुरात आपला कोण, परका कोण कळेना, तेव्हा 'खस्सू, खस्सू' अशी आरोळी देऊन आपण जिवंत असल्याचे कासमने आपल्या लोकांना कळवले. दूर मुक्कामी असलेले शिवाजी महाराज त्या क्षणी झोपेतून दचकून उठले आणि दंडा-राजपुरीस काही अनर्थ झाला असे म्हणाले, असेही खाफीखान नमूद करतो.

सण पाहून शत्रूला गाठले, एवढाच अर्थ आजवर या हकीकतीतून काढला गेला. आम्हांला तो अपुरा वाटतो. होळी म्हणजे फाल्गुनी पौर्णिमा. डोक्यावर पूर्ण चंद्र, समुद्रावर दिवसासारखे चांदणे. चोरून होड्या नेण्याला याहून वाईट रात्र नाही. मग हीच रात्र का? तिथीची पाऊणपट करून पाहावी. मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण भरती, तीही उधाणाची. खाफीखानाने भरतीचा उल्लेख केलेला नाही, हे गणित आमचे आहे. पण होडीतून तटाला शिडी लावायची असेल तर वर्षातल्या मोजक्या रात्रीच कामाच्या असतात आणि ही त्यांतली एक होती. चांदण्याची अडचण कासमने दोन गोष्टींनी भागवली. किल्ल्यातले लोक होळीभोवती होते. ज्याने जाळाकडे पाहिले त्याला लगेच पाण्यावरचे काही दिसत नाही. आणि जे पाहू शकले असते त्यांचे तोंड खैरियतने जमिनीकडे वळवले. सगळा बेत एका खुणेवर टांगलेला होता. खैरियत अर्धा तास उशिरा पोचता तर चाळीस होड्या चांदण्यात तटाखाली उभ्या दिसल्या असत्या आणि पुढचे सांगायला नको. खैरियत वेळेवर आला.

पाच वर्षांनी त्याच पाण्यात दुसरा एक बेत झाला. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जंजिऱ्याला बसले होते. पाण्यावर तरंगते मोर्चे उभारले होते, तोफा चालू होत्या आणि तट हलत नव्हता. तेव्हा सोनकोळ्यांचा एक नायक, लाय पाटील, पंतांकडे आला, असे मराठी परंपरा सांगते. बोलणे साधे होते. मी रात्री तटाला शिड्या लावून देतो, तुम्ही माणसे पाठवा. ठरले. हजार-दीड हजार मावळ्यांनी मागून यायचे. लाय पाटलाने आपल्या होड्या काढल्या, पहाऱ्याच्या नजरा चुकवून तटाखाली गेला, शिड्या लावल्या आणि वाट पाहत राहिला. कोणी आले नाही. उजाडायला लागले तेव्हा त्याने शिड्या काढल्या आणि होड्या घेऊन परत आला.

आम्ही राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जातो तेव्हा हा प्रसंग हटकून आठवतो. दरवाजाशी होडी लागली की साध्या वाऱ्यातही ती खालीवर होत राहते आणि तांडेल पर्यटकांना हात धरून पायरीवर ओढून घेतो. तेवढ्या एका उडीची भीती वाटते. लाय पाटलाची माणसे तिथे रात्रभर होती. वर पहारा, खाली लाट, शिडी हातात धरलेली, कारण सोडली तर ती लाटेने तटावर आपटून आवाज करणार. खोकायचे नाही. आणि पाणी हळूहळू उतरते आहे.

मोरोपंतांची माणसे का आली नाहीत? कोणी निष्काळजीपणा म्हणतो, कोणी भीती म्हणतो. आम्ही जरा हिशेब करून पाहिला. दीड हजार माणसे, एका गलबतात चाळीस धरली तर अडतीस गलबते लागतात. ती रात्री, दिवे न लावता, खाडीच्या चिखलाच्या काठाशी आणायची, घाटावरच्या मावळ्यांना त्यांत चढवायचे, ज्यांपैकी कित्येकांनी होडीत पाय ठेवलेला नसेल, आणि तेही ओहोटी लागायच्या आत. एकदा ओहोटी लागली की काठाची गलबते चिखलात बसतात. चाळीस कोळी चाळीस होड्यांतून निघू शकतात, दीड हजार मावळे निघू शकत नाहीत. मोरोपंत मोठे कारभारी होते, गड बांधणारे, फौजा हलवणारे. पण जमिनीवरच्या माणसाला तास-दोन तासांचा उशीर म्हणजे उशीरच वाटतो. दर्यावर तो उशीर नसतो, तिथे दारच बंद होते.

महाराजांनी मात्र लाय पाटलाला बोलावून घेतले आणि पालखीचा मान दिला. पालखी घेऊन मी समुद्रात काय करू, अशा अर्थाचे काही तो बोलला म्हणतात. तेव्हा त्याच्यासाठी एक गलबत बांधून त्याचे नाव 'पालखी' ठेवले गेले आणि त्याला सरपाटील केले. फसलेल्या बेताबद्दल बक्षीस दिल्याची अशी उदाहरणे फार थोडी असतील. बेत कोणाच्या बाजूने फसला हे देणाऱ्याला कळले होते.

तरंगते मोर्चे सिद्दी कासमने जाळून टाकले आणि मोरोपंतांचा वेढा उठला. जंजिरा पुढेही पडला नाही. संभाजी महाराजांच्या काळात कोंडाजी फर्जंदाने आत शिरून दारूचे कोठार उडवण्याचा बेत केला होता, तो फुटला आणि तो मारला गेला, अशी कथा आहे. ती वेगळी आणि मोठी आहे. आपण उत्तरेला, थळच्या समोरच्या पाण्यात जाऊ, कारण वल्हे आणि शीड या जोडीने काय साधते हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसले.

मुंबई बंदराच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. १६७९ च्या ऑगस्टअखेरीस, पाऊस पुरता सरला नव्हता तेव्हा, मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट बांधायला लागला. मुंबईचे इंग्रज हबकले. त्यांनी शिबाडे भाड्याने घेतली, त्यांवर गोरे शिपाई चढवले, मग 'रिव्हेंज' नावाचे लढाऊ जहाज पाठवले. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्पने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्यात तो मारला गेला. इंग्रजांनी बेटाभोवती पहारा बसवला. पण रात्री किनाऱ्यावरून लहान मराठी होड्या निघत, पहाऱ्यातून निसटून बेटावर दाणागोटा, दगड-चुना पोचवीत आणि उजाडायच्या आत परत जात. इंग्रजांच्या पत्रांत याची चरफड भरलेली आहे. त्यांची जहाजे मजबूत होती, तोफा मोठ्या होत्या, पण वारा पडला की ती जागच्या जागी खुंटी ठोकल्यासारखी उभी राहत, आणि वल्ह्याची होडी त्यांच्या बाजूने जाई.

या होड्या वल्हवणारे कोण होते? एकाचेही नाव कागदावर नाही. कोळी असणार, भंडारी असणार, थळ-नवगाव-अलिबागच्या वाड्यांतले मुसलमान खलाशी असणार. इंग्रजांच्या शिबाडांवरही याच किनाऱ्यावरचे लोक होते. एकाच गावचे दोघे भाऊबंद रात्री एकमेकांच्या होडीचा आवाज ओळखत असतील, असे आम्हांला वाटते, पण त्याला कागदाचा आधार नाही.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखान आला. साठाच्या वर जहाजे नागावच्या बाजूने निघाली आणि शीड आणि वल्ही दोन्ही लावून इतक्या वेगाने खांदेरीवर चालून आली की नांगरून पडलेल्या इंग्रजांना नांगर उचलून शिडे चढवायलाही पुरता वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डोव्हर' ही त्यांची गुराब पकडली गेली आणि लहान जहाजे पांगली. एकट्या 'रिव्हेंज'वर कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन टिकून राहिले. (हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये कंपनीविरुद्ध बंड करून मुंबईचा गव्हर्नर होऊन बसला.) त्यांनी तोफांच्या जोरावर मराठ्यांची पाच जहाजे बुडवली आणि बाकीचा ताफा नागावच्या उथळ पाण्यात परत गेला, जिथे 'रिव्हेंज'ला जाता येत नव्हते. इंग्रज लेखक याला विजय म्हणतात. गुराब गमावली ती कोणी, आणि रात्रीची रसद थांबली का, हे विचारले तर विजयाचा रंग बराच उतरतो.

आम्हांला या लढाईत मौज वाटते ती वेळेची. नागावपासून खांदेरी नऊ-दहा मैल. ताशी चार मैल वल्हवायचे तर अडीच तास, वर शिडाची मदत मिळाली तर त्याहून कमी. म्हणजे उजाडता तिथे पोचायचे तर काळोखात निघाले पाहिजे. आणि ऑक्टोबरात त्या वेळी मतलई जमिनीवरून वाहत असते, म्हणजे शिडे भरायला वारा आपला. इंग्रज बेटाजवळ नांगरलेले, झोपेतून उठलेले. दुपार होईतो लढाई लांबली तर खारा वारा सुटणार आणि तोच घराकडे आणून सोडणार, उथळ पाण्यात, जिथे पाठलाग होत नाही. जाण्याचा वारा आणि परतीचा वारा दोन्ही आधी मोजलेले. साठ जहाजांचा ताफा काळोखात एकत्र ठेवणे, पुढचे फार पुढे जाणार नाही आणि मागचे रेंगाळणार नाही हे पाहणे, यासाठी तांडेलांवर किती पकड लागते हे ज्याने दहा होड्या एकत्र नेल्या आहेत त्याला विचारावे. हे दौलतखानाचे काम. हे कोणत्याही दाखल्यापेक्षा मोठे आहे.

त्याच्यासमोरही मुसलमानच होते, हे सांगायला नको. नोव्हेंबरात सिद्दीचा ताफा इंग्रजांच्या मदतीला आला आणि ९ जानेवारी १६८० ला सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर उतरून तिथे तोफा चढवल्या. इंग्रज महिन्याअखेर तह करून निघून गेले, सिद्दी राहिला. एक मुसलमान दर्यावर्दी भोसल्यांसाठी, दुसरा आलमगिरासाठी, मध्ये मैलभर पाणी. सिद्दी संबळाचे कासमशी बिनसले तेव्हा तो शिवाजी महाराजांकडे आला, त्याचा आप्त सिद्दी मिस्रीही मराठी आरमारात लढला. सभासदाने बखरीत दर्यासारंगाला मुसलमान सुभेदार म्हटले आणि लगेच पुढे मायनाक भंडाऱ्याचे नाव घातले, त्याला त्यात विशेष काही वाटलेले दिसत नाही. त्या काळी माणसाचा धर्म कोणी विसरत नव्हते. मात्र होडीत बसवताना आधी त्याचे हात पाहिले जात.

उंदेरीचा बेत दौलतखानाला साधला नाही. जानेवारीत एकदा रात्री येऊन तो परतला होता. २६ जानेवारीला त्याने तीन बाजूंनी हल्ला केला. चार तास लढाई झाली. चार गुराबा आणि चार लहान जहाजे गेली, दोनशे माणसे मेली, शंभर जखमी झाली, काही पकडली गेली, आणि दौलतखान स्वतः जबर जखमी झाला. हे आम्ही मुद्दाम लिहितो. त्याच्या नावाचा जयजयकार करणाऱ्या भाषणांत उंदेरी कधीच येत नाही. पण कासमने दंडा-राजपुरीला जे केले, म्हणजे शत्रूचे तोंड एकीकडे वळवून दुसरीकडून शिडी लावणे, ते इथे शक्य नव्हते. बेट एवढेसे, चहूकडून पाणी, माणसांना गुंतवून ठेवायला मागे जमीन नाही. तिन्ही बाजू पाण्याच्याच, तोफांना तिन्ही दिसतात. त्याने तरीही प्रयत्न केला, कारण उंदेरी सिद्दीकडे राहिली तर खांदेरीच्या रात्रीच्या होड्यांना कायमची नड होणार होती, आणि तशी ती झाली.

महाराजांचे निधन त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाले. त्यानंतरही दोन्ही बेटांवरच्या तोफा एकमेकींकडे तोंड करून राहिल्या.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. बेटावर वेताळाचे देऊळ आहे, दाऊद पीराचा दर्गा आहे, १८६७ पासूनचा दीपस्तंभ आहे. थळच्या कोळ्यांच्या होड्या बेटाच्या आसपासच जाळी टाकतात. आता इंजिने बसली आहेत, ताशी चार मैलांचा हिशेब कोणी करीत नाही. भरतीची वेळ मोबाईलवर दिसते. तरी थळच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला आम्ही सहज विचारले की खांदेरीला शिडी लावायची असती तर कोणती रात्र धरली असती. त्याने आधी आमच्याकडे नीट पाहिले. मग बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाला, "अमावास्येच्या आदली. पण मागून येणारा माणूस आपल्या गावचा पाहिजे."